पायथ्याच्या गावात गाडीची काच फुटते तेव्हा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही चौघं रविवारी पुण्याहून ट्रेकला गेलो होतो. पायथ्याच्या गावाच्या थोडं अलीकडे रस्ता रुंद होतो, तिथे झाडाखाली गाडी लावली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. दुपारी खाली आलो तर मागच्या दाराची काच फुटलेली, सीटखाली ठेवलेली लॅपटॉपची बॅग आणि एक सॅक गायब. डिकीतल्या सामानाला हात लावलेला नाही. इतक्या आडबाजूला चोराला कळलं कसं? गावातलाच कोणी असेल का? तक्रार देऊन काही होतं का? पुढच्या वेळी काय काळजी घ्यायची?"

चिटपाखरू नव्हतं म्हणून तुम्हाला जागा बरी वाटली. त्याच कारणाने ती चोरालाही बरी वाटली. माझी नोकरी ग्रामीण पोलिसांत गेली. आधी ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर, नंतर तपासाला. घाटमाथ्याच्या हद्दींत पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारच्या संध्याकाळी ओल्या कपड्यांतली चार-पाच माणसं ठाण्याच्या पायरीवर उभी दिसायची. ती काय सांगणार हे त्यांनी तोंड उघडायच्या आधीच कळायचं. तुमचं पत्र वाचून तेच आठवलं.

गाडी लावल्यावर तुम्ही काय केलंत ते मी तिथे नसताना सांगतो. चारही दारं उघडली. डिकी उघडली, सॅका बाहेर काढल्या, गाडीच्या काठावर बसून बूट बदलले. "लॅपटॉप ऑफिसचा आहे, वर कशाला न्यायचा," असं कोणीतरी म्हणालं आणि बॅग पुढच्या सीटच्या मागे खाली सरकवली, वर जर्किन टाकलं. मग एक फोटो, पाण्याच्या बाटल्या, रिमोटचा आवाज, आणि चाललात. हे सगळं व्हायला दहा-बारा मिनिटं लागली. त्या वेळात रस्त्याने एक-दोन मोटरसायकली गेल्या असतील. एखादी थोडं पुढे जाऊन थांबलीही असेल, आणि फोनवर बोलणाऱ्या माणसाकडे कोण लक्ष देतं?

त्या दहा मिनिटांत बघणाऱ्याला सगळं समजलं. माणसं किती, सामान काय, त्यातलं गाडीत काय राहिलं आणि कुठे राहिलं. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुम्ही परत कधी येणार. शहरात गाडी फोडणाऱ्याला ही धास्ती असते की मालक समोरच्या दुकानातून दोन मिनिटांत बाहेर येईल. इथे ट्रेकचे बूट आणि पाठीवर सॅक बघितली की चार तासांची हमी. काच फोडून बॅग ओढायला मिनिट पुरतं. चोरी ठरते ती तुम्ही गाडीतून उतरता तेव्हा. बाकीच्या सगळ्या उपायांचं मूळ याच गोष्टीत आहे, म्हणून आधी सांगितली.

डिकीला हात का लावला नाही, याचंही उत्तर यातच आहे. डिकीतून तुम्ही सॅका काढून घेताना त्याने बघितलं होतं. बॅग सीटखाली जाताना बघितली होती. तो जे बघितलं तेच घेऊन गेला. असा चोर गाडी धुंडाळत बसत नाही. मी केलेल्या पंचनाम्यांत पुढचा कप्पा उचकटलेला क्वचितच दिसायचा, पण सीटवरची किंवा सीटखालची बॅग मात्र नेमकी गेलेली असायची.

काचेबद्दल थोडं. पुढची मोठी काच थरांची असते, मध्ये पातळ पडदा असतो, ती तडकते पण जागेवर राहते. दारांच्या काचा सहसा टफन्ड असतात, एका फटक्यात त्यांचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात आणि आवाजही फारसा होत नाही. म्हणून फुटते ती दाराची. काही जण मागची छोटी तिकोनी काच फोडतात. मालकाला वाटतं बरं झालं, लहान काच गेली. पण बऱ्याच गाड्यांत ती बसवायला कटकटीची आणि किमतीला मोठ्या काचेपेक्षा जड निघते.

आणि कितीतरी फिर्यादींत काच फुटलेलीच नसते. रिमोट दाबला, आवाज आला असं वाटलं, चालू पडले. चार दारांपैकी एक नीट लागलेलं नव्हतं. किंवा उन्हाने गाडी तापू नये म्हणून काच दोन बोटं खाली ठेवली होती. चोर सगळ्यात आधी हँडल ओढून बघतो. तुम्हीही निघताना ओढून बघा, चारही दारांची.

आता गावातलाच कोणी का? असू शकतो. पण तुमच्या प्रश्नात तो सूर आहे म्हणून जरा स्पष्ट बोलतो. माझ्या हद्दीत पकडलेले बरेचसे जण शेजारच्या तालुक्यातले, मोटरसायकलवर दोघे, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन पायथ्याच्या गावांची चक्कर मारणारे असायचे. एक गाडी चालू ठेवून बसतो, एक उतरतो. गावातला पोरगा कधी असतो, कधी नुसती खबर देतो. पण ज्या गावात घरटी कोणी ना कोणी ट्रेकरांना जेवण देतं, वाट दाखवतं, तंबू भाड्याने देतं, त्या गावाला ही चोरी तुमच्याइतकीच झोंबते. पुढच्या रविवारी गाड्या कमी आल्या तर त्यांची चूल मंदावते. तिथे जाऊन "तुमच्यापैकीच कोणीतरी" असं आवाज चढवून बोललात तर ज्याने खरंच काही बघितलं आहे तोही गप्प बसणार.

दुसरी खोड त्याहून वाईट. जवळ एखादी पारध्यांची किंवा दुसऱ्या भटक्या जमातीची वस्ती असली की बोट तिकडेच जातं. गावकऱ्यांचंही जातं, आणि खरं सांगायचं तर पोलिसांचंही जातं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कागदावरून ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला, मनातून अजून पुसलेला नाही. फिर्यादीत संशय लिहायचा तर बघितलेल्या गोष्टीवरून लिहा: अमुक रंगाची मोटरसायकल, पुढे नंबर प्लेट नव्हती, दोघे, एकाच्या अंगात निळं जर्किन. वस्तीचं किंवा जातीचं नाव हा पुरावा होत नाही, आणि त्याने तपास आठ दिवस भलत्या दिशेला जातो.

हे सगळं संधिसाधू चोरीबद्दल. ग्रामीण भागात गाडीतून मोठ्या रकमा जातात त्या वेगळ्या प्रकारात. तालुक्याच्या बँकेतून पैसे काढले, किंवा जमिनीच्या व्यवहारासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात निघालो, वाटेत मिसळ खायला थांबलो, बॅग गाडीत. तिथे माणूस बँकेपासून मागावर असतो. ती ठरवून केलेली चोरी. तिला एकच उपाय: रोकड हातात असताना वाटेत थांबायचं नाही. तिसरा प्रकार सामानाचा नसून गाडीच्याच अवयवांचा. ईको गाडीचा सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यातल्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. ट्रॅक्टरची बॅटरी, उभ्या ट्रकमधलं डिझेल, काही गाड्यांना खाली लटकवलेली स्टेपनी, हेही त्याच रांगेतलं. तो विषय मोठा आहे, इथे सोडतो.

पुढच्या वेळी काय करायचं, तर सामान घरून निघतानाच लावून निघायचं. शहराबाहेर शेवटचा चहा किंवा पेट्रोल पंप जिथे होतो तिथे बूट घाला, सॅका भरा, जे मागे राहणार आहे ते डिकीत टाका. पायथ्याला डिकी उघडायचीच नाही. सॅका मांडीवर घेऊन बसा हवं तर. गाडी लागली, उतरलात, कुलूप, चाललात. बघणाऱ्याला काहीच बघायला मिळालं नाही तर त्याला ठरवायलाही काही उरत नाही. हॅचबॅक असेल तर मागचा ट्रे घरी काढून ठेवू नका, तो याच कामाचा आहे. एसयूव्हीसारख्या मोठ्या गाड्यांत डिकी म्हणजे नुसती काचेमागची जागा, तिथे झाकलं तरी फुगवटा दिसतो. सेडानची डिकी त्यातल्या त्यात बरी, पण मागची सीट आतून पाडता येत असेल तर तीही काच फुटल्यावर उघडीच.

जर्किनखाली झाकलेली बॅग ही उघड्या बॅगेपेक्षा वाईट. उघडी बॅग रिकामी असू शकते. झाकली म्हणजे आत काहीतरी आहे, हे तुम्हीच सांगितलंत. तेच चार्जरच्या लोंबणाऱ्या वायरचं आणि काचेवरच्या मोबाइल स्टँडच्या गोल डागाचं. पुढचा कप्पा उघडा आणि रिकामा सोडून जायची जुनी सवय काही टॅक्सीवाल्यांना असते. मला ती पटते. काळी फिल्म हा उपाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्म बंद केल्या, आणि नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. काळ्या काचेची गाडी पायथ्याला उभी राहिली तर उलट कपाळाला हात लावून डोकावणारे वाढतात.

लॅपटॉप मुळात न्यायचाच नाही, हे सांगायची गरज नसावी, पण शुक्रवारी ऑफिसमधून थेट निघणारे पुष्कळ असतात. मग जिथे जेवण सांगितलं आहे त्या घरात ठेवा. हो, अनोळखी घरात. ट्रेकरांना जेवण देणाऱ्या घराने ठेवायला घेतलेली बॅग गेली, अशी फिर्याद माझ्यासमोर आली नाही. रस्त्याकडेच्या गाडीतून गेल्याच्या मात्र ढिगाने.

यावरून जागेचा मुद्दा. गावाच्या अलीकडे, वळणावर, ओढ्याकाठी, झाडाखाली, या सगळ्या जागा सावलीला चांगल्या आणि गाडीला वाईट. गावात जा. कोणाच्या तरी ओट्यावरून दिसेल अशी लावा. "मावशी, गाडी तुमच्या अंगणात लावू का? दुपारी जेवायला इथेच येतो," एवढं म्हटलं की काम होतं. पन्नास-शंभर रुपये द्या, भाकरी-पिठलं सांगा. त्या बाईच्या दारातली गाडी म्हणजे तिची जबाबदारी होते. कुत्रं भुंकलं तर ती बाहेर येऊन बघते, आणि अनोळखी मोटरसायकल दोनदा फिरली तर तिसऱ्यांदा "कोण रे" म्हणून विचारते. कॅमेरा एवढं करत नाही.

जिथे ग्रामपंचायतीने किंवा वनव्यवस्थापन समितीने पार्किंग केलं आहे तिथे तेच वापरा. कास पठारावर फुलांच्या हंगामात असं पार्किंग समितीच बघते. तिथे माणसाची ये-जा असते, आणि तेच हवं. मात्र ती पन्नास रुपयांची पावती म्हणजे विमा नव्हे. कायद्याच्या नजरेने तुम्ही गाडीची किल्ली कोणाच्या हातात दिलीत का, यावर बरंच ठरतं. किल्ली देऊन गाडी ताब्यात दिली तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे घेणाऱ्याला वाजवी काळजी घ्यावी लागते. व्हॅलेला, म्हणजे हॉटेलच्या दारात गाडी घेऊन ती लावून देणाऱ्या माणसाला, दिलेली गाडी चोरीला गेली तर हॉटेलला "मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी दाखवून सरसकट हात झटकता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. पण किल्ली तुमच्या खिशात आणि गाडी उघड्या मैदानात असेल तर पावती ही जागेचं भाडं, एवढंच.

रात्रीचा ट्रेक वेगळा धरा. अकराला गाडी लावून पहाटे माथ्यावर, म्हणजे गाव झोपलेलं असताना गाडी सहा-सात तास उभी. तिथे अंगण मिळालं नाही तर आदल्या दिवशी पोलीस पाटलाला फोन करा. नंबर ग्रामपंचायतीत मिळतो. लोकांना हे पद फक्त दाखल्यांपुरतं वाटतं. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे त्याचं काम आहे, आणि गावात कोणाकडे पाहुणा आला आहे हेही त्याला ठाऊक असतं.

धबधबे आणि समुद्रकिनारे इथे काच फुटत नाही, किल्ली जाते. सगळे पाण्यात, कपड्यांचा ढीग खडकावर, त्यात किल्ली. चोर ढीग उचलतो आणि पार्किंगमध्ये जाऊन रिमोट दाबतो. कुठली गाडी डोळे मिचकावते ते बघतो, की झालं. टायरवर किंवा बंपरखाली किल्ली लपवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की ती जागा सगळ्यांना माहीत आहे. एक जण काठावर बसा. चौघांत एकाला पाण्यात जायचं नसतंच.

गाडीत कागदपत्रं ठेवूच नका. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवलं तर चालतं. आरसीवर घराचा पत्ता असतो. त्याच बॅगेत घराच्या किल्ल्या असतील तर चोराकडे पत्ता आहे, किल्ली आहे, आणि तुम्ही घरापासून दोन तासांवर आहात. तुमच्या सॅकमध्ये घराची किल्ली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हे वाचणं थांबवा, कुलूप बदलून या.

आता तुमच्या बाबतीत काय. तुमची घटना ताजी आहे असं धरून सांगतो. ज्यांच्यावर पुढे ही वेळ येईल त्यांनाही उपयोग होईल.

गाडीला हात लावायच्या आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, मग फुटलेल्या काचेचे, सीटवरच्या आणि जमिनीवरच्या तुकड्यांचे. जमिनीवरचे तुकडे महत्त्वाचे, कारण काच इथेच फुटली हे त्यातून सिद्ध होतं. गाडी हलवली की ती खूण गेली. दाराची आतली कड आणि खांब पुसू नका. ठसेतज्ज्ञ प्रत्येक वेळी येतीलच असं नाही, पण आले तर तिथेच बघतात. मग ११२ ला फोन. रेंज नसेल तर एकाने गावात जावं, बाकीच्यांनी थांबावं.

फोटो झाले की शोधायला निघा. हे फार थोडे जण करतात. चोराला तुमची बॅग नको असते, तिच्यातल्या वस्तू हव्या असतात. अनोळखी सॅक घेऊन मोटरसायकलवर तालुका पार करणं त्याला धोक्याचं. म्हणून तो थोड्या अंतरावर थांबतो, लॅपटॉप, फोन, रोकड काढतो आणि बाकीचं फेकतो. गावाकडे नाही, मुख्य रस्त्याकडे जाणाऱ्या वाटेवर. पहिली मोरी बघा, पुलाखाली वाका, रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळ्या बघा, बंद पडलेली प्रवासी शेड असेल तर तिच्या मागे. पाकीट, ओळखपत्रं, औषधं, कपडे, गाडीची दुसरी किल्ली, हे सगळं तिथे सापडतं. एका फिर्यादीत मोरीच्या पाइपात सॅक होती आणि तिच्या वरच्या कप्प्यात डब्यातल्या पुरणपोळ्याही तशाच. सापडलं तर उचलू नका, फोटो काढून पोलिसांची वाट बघा. पंचनामा तिथलाही होतो.

माणसांना विचारताना "चोर बघितला का" विचारू नका. "सकाळपासून इथे कोण थांबलं होतं," असं विचारा. गुराखी, दूधवाला, एसटीचा वाहक, टपरीवाली, यांची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तेज असते, पण आपण काही बघितलं आहे हे त्यांना माहीत नसतं. कॅमेरे गावात नसतील, फाट्यावर असतात. दूध संकलन केंद्र, पेट्रोल पंप, किराणा दुकान, ढाबा. रेकॉर्डिंग आठ-पंधरा दिवसांत पुसलं जातं, म्हणून त्या ठिकाणांची यादी तपासी अंमलदाराला त्याच दिवशी द्या. सॅकमध्ये ठिकाण कळवणारं एअरटॅगसारखं काही असेल तर त्याचं ठिकाण पोलिसांना दाखवा, स्वतः मागे जाऊ नका.

कार्ड गेलं असेल तर बँकेला आधी कळवा. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मोबाइल गेला असेल तर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बंद करता येतो.

आता फिर्याद. कुठल्या ठाण्यात, हा पहिला घोळ. एकट्या हरिश्चंद्रगडाचं बघा: पाचनईकडून चढलात तर अहिल्यानगर जिल्हा, खिरेश्वरकडून पुणे, बेलपाड्याकडून ठाणे. गडाचं नाव सांगून ठाणं कळत नाही, गाडी कुठे उभी होती ते सांगावं लागतं. "आमची हद्द नाही" हे उत्तर आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, खबर नोंदवायची तरतूद आहे. तीच झिरो एफआयआर. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तरीही माझा सल्ला असा की घटनास्थळाच्या ठाण्यातच, गाडीसकट जा. पुण्याला येऊन दिलेली फिर्याद कायद्याने चालते, पण पंचनामा कशाचा करणार? गाडी सोसायटीत, काचा रस्त्यावर, साक्षीदार डोंगरात. सोमवारी ऑफिस आहे म्हणून निघून येणाऱ्यांची निम्मी केस तिथेच संपते.

दुसरा घोळ जास्त महाग पडतो. "कशाला एफआयआर करता, ऑनलाइन हरवल्याची नोंद करा, कागद लगेच मिळतो," असं ठाण्यात कोणीतरी सांगेल. माझ्याच खात्यातली माणसं सांगतात, मी नाकारत नाही. गुन्ह्यांचा आकडा वाढत नाही ना. कागद लगेच मिळतो हे खरं, पण त्या कागदावर वस्तू गहाळ झाली असं तुमच्या सहीने लिहिलेलं असतं. तिचा तपास होत नाही, आणि नंतर विमा कंपनी किंवा तुमचं ऑफिस तोच कागद तुमच्यासमोर धरतं. काच फोडून नेली ती चोरी. शांतपणे तेवढंच म्हणत राहा.

वस्तूंची यादी घाई न करता करा. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर नव्या कायद्यात ती अदखलपात्र होते, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. वाढवून लिहू नका, पण "जुना लॅपटॉप, दोन-तीन हजाराचा असेल" असं उदार होऊन सांगूही नका. मॉडेल, सिरियल नंबर, बिल. काच फोडल्याचं नुकसान वेगळं लिहा, ते भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा) कलम ३२४ मध्ये येतं. चोरीला त्याच संहितेचं ३०३ लागतं, आणि वाहनातून माल चोरण्याचा उल्लेख ३०५ मध्ये आहे, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत. कुठलं लावायचं ते अधिकारी ठरवतील, तुम्ही घटना नीट सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पावसाळ्यात काही धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांची बंदी असते. बंदीच्या जागी गेलो होतो म्हणून तक्रार न देणारे मी बघितले आहेत. बंदी मोडल्याची कारवाई झाली तर ती वेगळी, तुमच्या मालाची चोरी त्याने माफ होत नाही.

तक्रार देऊन काही होतं का, याचं प्रामाणिक उत्तर: एकट्या तुमच्या केससाठी पथकं सुटणार नाहीत. पण एका बीटमध्ये, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या एका भागात, तीन-चार एफआयआर झाले की अधीक्षकांच्या आढाव्यात प्रश्न विचारला जातो, स्थानिक गुन्हे शाखा लक्ष घालते, रविवारी गस्त लागते. तक्रारीच नसतील तर कागदोपत्री ते गाव शांत. आणि असे चोर बहुतेक वेळा दुसऱ्याच गुन्ह्यात सापडतात. सापडला की दहा ठिकाणं कबूल करतो, घरात सात-आठ लॅपटॉप निघतात. तेव्हा एफआयआर ज्यांचे आहेत त्यांना फोन जातात. बाकीचे लॅपटॉप मुद्देमालाच्या खोलीत धूळ खातात, कारण मालकाने तक्रारच दिलेली नसते आणि चोरालाही आठवत नसतं की कुठल्या गाडीतला कुठला.

विम्याचं थोडक्यात. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत काच येते, आतलं सामान येत नाही, त्यासाठी जादा पैसे भरून वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. काचेचा क्लेम करायच्या आधी आकडेमोड करा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्याहून मोठ्या गाडीला २,००० रुपये तुम्हालाच भरावे लागतात, शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. एका दाराच्या काचेसाठी तो घालवणं बहुतेकांना परवडत नाही. पॉलिसीत बोनस राखणारं ॲड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी. लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्यांना त्याच रात्री कळवा. त्यांचा विमा असू शकतो, आणि आतली माहिती दुरून पुसायची असेल तर ते आयटीवाल्यांचं काम आहे.

यानंतर दर पंधरा दिवसांनी तपासी अंमलदाराला एक फोन करा, भांडायला नाही, आठवण म्हणून. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. काहीच लागलं नाही तर न्यायालयात अ समरी जाते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. तिची प्रत मागून घ्या, ऑफिसचा विमा असेल तर लागते. आणि लॅपटॉप सापडलाच तर तो ठाण्यातून हातात मिळत नाही, न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, सोडवावा लागतो. त्या दिवशी मूळ बिल, आधार आणि सिरियल नंबर असलेलं खोकं घेऊन जा. खोकं रद्दीत गेलं असेल तर विकणाऱ्या दुकानाकडून बिलाची दुसरी प्रत आत्ताच मागवून ठेवा.